आत्याची निराधार पेन्शन ११ महिन्यांपासून बंद, कुठे दाद मागावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात आमच्या गावी राहणाऱ्या माझ्या आत्यासाठी लिहितोय. तिला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळायचे. पासबुकावर शेवटची नोंद नोव्हेंबर २०२४ ची आहे. त्यानंतर एक रुपया नाही. डिसेंबरपासून धरले तर ११ महिने, म्हणजे १६,५०० रुपये.

आत्या ६१ वर्षांची. नवरा २०१२ साली गेला, मूलबाळ नाही, जमीन नाही. पंचवीसेक वर्षं ऊसतोडीला जायची. आता कंबर धरते म्हणून मुकादम नेत नाही. गावात कुणाचं खुरपण मिळालं तर मिळालं. त्या १,५०० मध्ये तिचं तेलमीठ, बीपीच्या गोळ्या आणि दळण भागायचं. रेशनचे गहू घरात आहेत पण गिरणीला द्यायला पैसे नाहीत, अशी वेळ येते हे मला तिच्याकडूनच कळलं. मी चाकणला कंपनीत आहे, जमेल तसं पाठवतो. पण ती म्हणते, "तुझ्याकडून घेताना जीव कोंडतो रे, ते सरकारचं हक्काचं व्हतं."

आतापर्यंत झालं ते असं. तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेलो तर उत्तर, "आमच्याकडून पैसे सोडलेत, बँकेत विचारा." बँकेत गेलो तर, "आमच्याकडे आलेच नाहीत, तहसीलला विचारा." हे तीनदा झालं. मग सांगितलं की हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला नव्याने द्या. हयातीचा दिला. उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र चार महिने गेले, कारण आत्याचं नाव माझ्या वडिलांच्या रेशनकार्डात होतं आणि तलाठ्याने सगळ्या घराचं उत्पन्न धरलं. कार्ड विभक्त करून घेतलं, तेव्हा कुठे २१,००० च्या आतला दाखला मिळाला.

ही २१,००० ची मर्यादा आहे वर्षाची, आणि तीही कुटुंबाची. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. आमच्याकडे बाईला खुरपणीची ३०० रुपये मजुरी मिळते. वर्षात ७० दिवस कामाला गेली की ती मर्यादेला टेकली. एवढ्यात कोण जगतं, हे ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा गावात येऊन बघावं असं फार वाटतं.

दाखले दिले तर आता म्हणतात आधार पडताळणी करा. इथे सगळं अडलंय. कोयता आणि पाचट यांनी तिच्या बोटांच्या रेषा गेल्यात. सेवा केंद्रातल्या मुलाने नऊ-दहा वेळा बोटं ठेवून पाहिली, हात धुवायला लावले, लिंबू चोळून या म्हणाला. मशीन घेतच नाही. ओटीपीने करावं तर आधारला जोडलेला नंबर चुलतभावाचा जुना, तो कधीच बंद झालाय. प्रत्येक खेपेला तिचा दिवस मोडतो. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गावात सकाळी एकच गाडी येते. ती चुकली की काळीपिवळी, आणि तिला पूर्ण पैसे.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की तू अपात्र आहेस असं तिला आजवर कुणीही म्हटलेलं नाही. पत्र नाही, नोटीस नाही. पैसे येणं थांबलं, एवढंच. आत्या विचारते, "मी काय चुकले?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पेन्शन नक्की कशामुळे थांबली हे लेखी कसं मिळवायचं? बोटं उमटत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा मार्ग काय? आणि मागचे ११ महिने मिळतात का, की चालू झाल्यापासूनच पुढे धरतात? कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

माझ्या आईच्या बाबतीत जवळपास हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. "सोडलेत" आणि "आलेच नाहीत" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पूर्वी पैसे खाते क्रमांकावर जायचे. आता ते डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात, आधार क्रमांकावरून जातात. एनपीसीआय म्हणजे बँकांमधले असे व्यवहार चालवणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमच्या आधारला जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं असेल, पैसे तिथे पडतात. ते खातं पासबुकवालंच असेल असं नाही. आत्याला शांतपणे विचारा, मधल्या काळात कुठे अंगठा दिला का? बचत गटाचं कर्ज, सिमकार्ड, काहीही. आईचे पैसे अशाच एका खात्यात पडत होते, आणि ते खातं आहे हेच तिला माहीत नव्हतं.

आधारला कोणतं खातं जोडलंय (या जोडणीलाच सीडिंग म्हणतात) हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. त्याला ओटीपी लागतो, म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाइल नंबर बदला. बोटं उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून करायला सांगा, ती सोय असते. मग पासबुकवाल्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि पोच घ्या.

लेखी कारणासाठी माहिती अधिकारात तहसीलच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तुमच्या नावाने करू नका, आत्याच्याच नावाने करा, नाहीतर 'दुसऱ्याची वैयक्तिक माहिती' म्हणून फेटाळतील. मोघम विचारू नका. डिसेंबर २०२४ पासून दर महिन्याला किती रक्कम, कोणत्या तारखेला पाठवली आणि व्यवहार यशस्वी झाला की परत आला, एवढंच विचारा. लाभ बंद केला असेल तर त्या आदेशाची प्रत मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा जोडला तर तोही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

प्रतिसाद

वरच्यात थोडी भर. बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून लाभ नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही हा मुद्दा आलाय. अर्जात दोन्ही तारखा लिहा, समोरचा माणूस जरा नीट बोलायला लागतो. आणि तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१०० वर करा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. तुमचं खरं निघालं.

गेल्या शनिवारी आत्याला तालुक्याच्या आधार केंद्रावर नेलं. बुबुळं एका झटक्यात घेतली, तिलाही आश्चर्य वाटलं. माझा नंबर जोडला. स्टेटसमध्ये ज्या बँकेचं नाव आलं ते तिने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. मग आठवलं, तीन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात छत्रीखाली बसलेल्या पोरांकडून सिम घेतलं होतं. "एकदा उमटंना म्हणून परत परत अंगठा लावला," म्हणते. तिला वाटलं सगळे अंगठे सिमचेच, पण त्यातच हे खातंही उघडलं गेलं असावं. ते सिम कधीच हरवलंय.

पासबुकवाल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म दिला. परवा स्टेटसमध्ये तिच्या बँकेचं नाव दिसायला लागलं. त्या दुसऱ्या खात्यात किती पैसे आहेत हे त्या बँकेचा एजंट जुन्या सिमवरच्या ओटीपीशिवाय सांगत नाही. म्हणून डुप्लिकेट सिमसाठी अर्ज केलाय.

तहसीलला लेखी अर्जही दिला. पोच द्यायला कारकून तयार नव्हते, पण आत्या खिडकीसमोरच खाली बसली आणि म्हणाली, "सायब, मला घाई नाही." अर्ध्या तासाने आवक शिक्का मिळाला.

माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देणार आहे. एकच अडचण उरलीय. आत्याला सही येत नाही. अर्जावर नुसता अंगठा चालतो का, की शेजारी साक्षीदाराची सही लागते? कुणाला माहीत असेल तर रविवारपर्यंत सांगा.