एकच स्नेअर घ्यायचा आहे: सत्तरच्या दशकातला सुप्राफोनिक की नवा पितळी?

अर्धमात्रा
मंडळी, सल्ला हवाय. ड्रमकिटबरोबर आलेल्या स्टीलच्या स्नेअरला (खाली वायर ताणलेल्या ड्रमला) आता निरोप द्यायचाय. पैसे एकाच बऱ्या स्नेअरपुरते आहेत आणि समोर दोन आहेत, दोन्ही जवळपास सारख्याच किमतीला.

पहिला, १९७०च्या दशकातला लडविग कंपनीचा सुप्राफोनिक. ५ बाय १४ इंच, ॲल्युमिनियमचा शेल (ड्रमचं गोल अंग), निळा-ऑलिव्ह बॅज. क्रोमला बऱ्याच ठिकाणी फोड आलेत, स्ट्रेनर (खालच्या वायर ताणायचा खटका) मूळचाच. दुसरा कोरा करकरीत, साडेसहा इंच खोल, पितळी शेल, वॉरंटीसकट.

वाजवणं म्हणजे बँडची तालीम, छोटे कार्यक्रम, अधूनमधून रेकॉर्डिंग. मन जुन्याकडे ओढतंय. तो आवाज इतक्या रेकॉर्डवर ऐकलाय की कान त्यालाच स्नेअर म्हणतात. कुणाला विरजण घालायचं असेल तर आत्ताच घाला, पैसे दिल्यावर नको.

कडकडाट
घालतो. नवा घ्या.

तुम्ही ज्याला जुन्या स्नेअरचा आवाज म्हणताय त्यातला मोठा वाटा हेडचा (काठी पडते त्या पडद्याचा) आहे: वरती कोटेड सिंगल-प्लाय (लेप दिलेलं, एकपदरी), मध्यम ताण, थोडं डँपिंग (घुमणं दाबणं). तेच हेड नव्या ड्रमवर चढवा आणि मग बोला. उरतं काय, तर हार्डवेअर. आणि त्या काळचा पी-८५ स्ट्रेनर हा त्या ड्रमचा सगळ्यात लेचापेचा भाग. गाण्याच्या मध्यात वायर ढिली पडली की बॅकबीटचा (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच्या ठोक्याचा) टॉमटॉम होतो, तेव्हा बॅज कोणत्या रंगाचा आहे हे कुणी विचारत नाही.

शिवाय तुमच्याकडे दुसरा स्नेअर नसणार. एकुलता एक स्नेअर पन्नाशीचा असावा का?

जुनं_ते_सोनं
कडकडाट, हेडचं म्हणणं अर्धंच खरं. हेड तेच ठेवून स्टीलवर वाजवा आणि मग ॲल्युमिनियमवर. स्टीलची किणकिण बराच वेळ रेंगाळते, ॲल्युमिनियम कोरडं आणि चटकन थांबणारं. तो शेल अखंड आहे, सांधा नाही, मध्ये उठावदार कंगोरा, कड आत वळवलेली. दहा लग (हेड ताणायचे स्क्रू बसतात ते धरे) असल्यामुळे वर ताणला तरी बोलतो आणि खाली सोडला तरी बोलतो. लेड झेपेलिनच्या बॉनहॅमसारखा ड्रमर याच मालिकेतला साडेसहा इंची घेऊन हाणायचा, आणि याच मालिकेतले ड्रम स्टुडिओतल्या अगदी नाजूक कामालाही चालले. एकच स्नेअर घ्यायचा असेल तर असाच घ्यावा.

फोडांचं म्हणाल तर ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, म्हणून त्या काळातले बहुतेक असेच दिसतात. आवाजाला काडीचा फरक पडत नाही. उलट फोड बघून भाव पाडून घ्या.

लयकारी
एक भाबडा प्रश्न. सुप्राफोनिक तर लडविग आजही बनवते. मग 'जुना की नवा' या वादात नवा सुप्राफोनिक कुठे गेला? तो पर्याय यादीतच नाही म्हणजे वाद आवाजाचा नाहीच, बॅजचा आहे.

जुनं_ते_सोनं
नवाही उत्तम आहे, कोण नाही म्हणतंय? पण जुना आज घेतला, वर्षभर वाजवला आणि विकला तर साधारण तेवढेच पैसे परत येतात. नव्याची किंमत पहिल्या मालकाच्या हातातच उतरते. तोच आवाज, तेच पैसे, आणि वर परतीची सोय. नव्याला 'हो' का म्हणायचं ते मला कुणी समजावून सांगा.

कडकडाट
कारण परतीची सोय लावणाऱ्याने ड्रम वाजवायला घेतलेला नसतो, ठेवायला घेतलेला असतो. तुम्ही त्याचा स्ट्रेनर बदलणार नाही, नवं भोक पाडणार नाही, पावसात न्यायला घाबराल. मूळचेपणा जपायचा आणि कामालाही लावायचा, हे दोन्ही एकत्र फार दिवस चालत नाही.

पिंपळपान
माझ्या मते जुना लाकडी आणि जुना धातूचा असे दोन वेगळे वाद करायला हवेत. इथे सगळं एकाच पोत्यात भरलं जातंय.

लाकडीत खरी जोखीम आहे. स्लिंगरलँड कंपनीच्या रेडिओ किंग स्नेअरचा शेल म्हणजे मेपलची एकच जाड फळी वाफेवर वाकवलेली. तो आवाज मोठा आणि उबदार, वाद नाही. पण अशी फळी वर्षानुवर्षांत गोलाई सोडू शकते. त्यातून प्लास्टिकच्या हेडांचा प्रसार झाला १९५७च्या आसपास, रेमो कंपनीचं वेदर किंग हेड त्याच सालचं. त्याआधीचे शेल वासराच्या कातड्यासाठी बनलेले. कातडं ओलं करून कडीवर गुंडाळून बसवायचे, त्यामुळे शेल एखाद-दुसरा केस मोठा असला तरी भागायचं. आजचं हेड ठरलेल्या मापाचं येतं आणि तिथे अडकतं. हेड मोकळेपणाने फिरत नसेल तर ट्युनिंगला बसूच नका, रात्र होईल.

धातूच्या शेलला यातलं काही लागू नाही. अर्धमात्रा यांचा ड्रम ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा 'लाकूड वाळून आवाज उघडतो' हा युक्तिवाद इथे आणू नये. ॲल्युमिनियम वाळत नाही.

समेवर_भेटू
लाकूड वाळून आवाज उघडतो हा युक्तिवाद लाकडाच्या बाबतीत तरी कुठे पक्का आहे? जुन्या लाकडी ड्रमचा फरक मला तरी कडेत ऐकू येतो. बेअरिंग एज (हेड टेकतं ती कड) गोलसर असली की हेड शेलवर जास्त रुंदीने टेकतं, आवाज जाड आणि आखूड होतो. आजची ४५ अंशांची धारदार कड उघडा, लांब आवाज देते. ही वयाची करामत नाही, कापण्याची पद्धत आहे. आणि गोल कडेचे नवे ड्रमही मिळतात.

जुनं_ते_सोनं
मिळतात, पण ते सगळे सारखे. जुन्यात प्रत्येक ड्रमचा स्वभाव वेगळा.

समेवर_भेटू
त्यालाच आम्ही क्वालिटी कंट्रोलचा अभाव म्हणतो :)

जुनं_ते_सोनं
म्हणा. पण इतकी वर्षं टिकून वाजतायत ते चांगले होते म्हणूनच ना? वाईट होते ते कधीच भंगारात गेले.

लयकारी
इथे मला थांबवावंसं वाटतं. वाईट होते ते भंगारात गेले नाहीत, माळ्यावर गेले. ज्याला आपला ड्रम आवडतो तो विकत नाही. विकायला बरेचदा येतो तो कुणाला न जमलेला, आणि त्यावर 'विंटेज' लिहिलं की दोष म्हणजे स्वभाव होतो. ड्रम बनवणाऱ्या कंपन्याच बघा: रॉजर्स १९६६ साली सीबीएसने घेतली, ग्रेच १९६७ला बाल्डविनने, लडविग १९८१ला सेल्मरने. त्या-त्या कंपनीचे विक्रीआधीचे ड्रम आणि नंतरचे ड्रम यांवर शौकीन तासन्‌तास भांडतात, आणि जाहिरातीत मात्र एकच शब्द. हातात न धरता जुना ड्रम घेऊ नये, बस.

खोलखोल
मी मिक्सिंगच्या बाजूने बोलतो. बँड सुरू झाल्यावर, गिटार आणि झांजा आल्यावर, नीट ट्यून केलेले दोन धातूचे स्नेअर मला ओळखू येत नाहीत, आणि ओळखू येतात म्हणणाऱ्याची मी पैज लावून परीक्षा घेईन. ऐकू येतं ते ट्युनिंग, माइकची जागा आणि वाजवणाऱ्याचा हात.

पण अर्धमात्रा वाजवणार आहेत, ऐकणार नाहीत. काठीला काय लागतं ते वेगळं. १.६ मिमीच्या पातळ पत्र्याच्या हूपखाली (हेड दाबून धरणाऱ्या कडीखाली) ड्रम लवचिक वाटतो, घोस्ट नोट (पुसट, हलके ठोके) हलक्या हातानेही उमटतात. २.३ मिमीच्या हूपने रिमशॉट (हेड आणि हूपवर एकदम पडलेला ठोका) धारदार होतो, ओतीव हूपने आणखीच. पाच इंच आणि साडेसहा इंच यांतला फरकही हाताला आधी कळतो: खोल ड्रम उत्तर द्यायला किंचित उशीर करतो, पण पोट भरून देतो. तुम्ही दोन वेगळ्या खोलीचे, दोन वेगळ्या धातूंचे ड्रम समोर ठेवलेत आणि प्रश्न वयाचा विचारताय.

अर्धमात्रा
खोलखोल, हा मुद्दा नेमका बसला. हलक्या हाताचं काम मी बरंच करतो, त्यामुळे पाच इंच मला चालेल. पण मग फोडांचं आणि स्ट्रेनरचं काय? आणि तो खरंच ॲल्युमिनियमचा आहे हे कसं ओळखायचं? विकणारा 'बहुतेक पितळेवर क्रोम' म्हणतोय.

पिंपळपान
पितळ असणार नाही. सुप्राफोनिकमध्ये पितळेवरचा क्रोम साधारण १९६३पर्यंतचा, निळा-ऑलिव्ह बॅज त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, म्हणून त्याने फक्त स्टील वगळता येतं. उचलून बघा, पितळ चांगलंच जड लागतं. आणि तुमचे फोडच साक्षीदार आहेत, पितळेवरचा क्रोम असा उमलत नाही. विकणारा पितळेचा भाव सांगत असेल तर तिथेच हसा.

दोन्ही हेड काढा. शेल सपाट काचेवर उपडा ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीत अंधार करा. कडेखालून उजेड फक्त खालच्या बाजूला, वायर जिथून जातात त्या स्नेअर बेडपाशी दिसायला हवा, इतरत्र नको. धातूची वळवलेली कड आपटून बसली असेल तर ती लाकडासारखी पुन्हा कापून घेता येत नाही, तेव्हा ही तपासणी टाळू नका. लगांचे स्क्रूही हाताने फिरवून बघा.

स्ट्रेनर: मूळच्याच भोकांत बसणारे नवे मिळतात. जुना डब्यात जपून ठेवा. भोक पाडू नका.

कडकडाट
बघा, काच, टॉर्च, लोहचुंबक, आणि वर नवा स्ट्रेनर. यात नवा वाजवण्याचा अर्धा वेळ गेला. आणि नवा स्ट्रेनर बसवल्यावर तो किती 'मूळचा' राहिला ते जुनं_ते_सोनं यांनी सांगावं.

जुनं_ते_सोनं
शेल मूळचा आहे, आवाज शेलचा आहे. स्ट्रेनर नट-बोल्ट आहे. मी स्वतः माझ्या ड्रमवर नवाच लावलाय आणि कुणाची माफी मागितलेली नाही.

लयकारी
म्हणजे हार्डवेअर नवं हवं हे मान्य. लिहून ठेवतो.

चौपट
दोघांच्या भांडणात तिसरा सुचवतो: जुना ॲक्रोलाइट. लडविगचाच, ५ बाय १४, तशाच ॲल्युमिनियमचा, फक्त क्रोम नाही म्हणून फोडही नाहीत. आठ लग. विद्यार्थ्यांच्या संचात विकला जायचा, म्हणून संग्राहकांनी उशिरापर्यंत हात लावला नाही. अर्धमात्रा यांना हव्या त्या कोरड्या आवाजाच्या अगदी जवळ जातो, आणि उरलेल्या पैशात चांगली हेड, चांगल्या वायर आणि खालचं तीन मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पातळ स्नेअर-साइड हेड येतं. ते खालचं हेड अनेकांनी वर्षानुवर्षं बदललेलं नसतं, आणि दोष शेलला देतात.

जुनं_ते_सोनं
आठ आणि दहा लग यांत फरक पडतो. वर ताणल्यावर ॲक्रोलाइट आधी हार मानतो.

चौपट
त्यांना वर ताणायचंय कुठे? तालीम आणि छोटे कार्यक्रम म्हणालेत.

अर्धमात्रा
शनिवारी विकणाऱ्याकडे जातोय, काच आणि टॉर्च घेऊन. सुप्राफोनिकवर माझंच कोटेड हेड चढवून ढिलं, मध्यम आणि कडक असं तीन ताणांवर वाजवणार, पितळीवरही तसंच. ॲक्रोलाइट कुठे दिसला तर तोही. निकाल इथेच टाकतो.

कडकडाट
ड्रम-की स्वतःची न्या. आणि खालचं हेड पण बदला, नाहीतर तुम्ही जुन्या ड्रमची नाही, जुन्या प्लास्टिकची परीक्षा घ्याल.