तिसरीतल्या मुलीसाठी वॉशिंग्टनचं चरित्र: चांगलं पुस्तक ओळखायचं कसं?

व्हर्जिनियाची आई

नमस्कार मंडळी. मुलगी तिसरीत आहे. फेब्रुवारीत, प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात, तिच्या वर्गाचं 'वॅक्स म्युझियम' आहे. ज्यांची मुलं इथे शाळेत गेली त्यांना माहीत असेल: प्रत्येकानं एका ऐतिहासिक व्यक्तीचं चरित्र वाचायचं, तसा पोशाख करून पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि समोरचं कागदी बटण कुणी दाबलं की त्या व्यक्तीच्या तोंडून मिनिटभर बोलायचं. लेकीनं जॉर्ज वॉशिंग्टन निवडलाय.

ग्रंथालयातून सात पुस्तकं आणली. त्यातल्या तिघांत चेरीच्या झाडाची गोष्ट (लहानग्या जॉर्जनं वडिलांचं झाड तोडलं आणि खरं सांगून टाकलं) घडल्यासारखी सांगितली आहे, कुऱ्हाडीच्या चित्रासकट. एकात ती नाहीच. दोन पुस्तकांत त्याचे दात लाकडी होते असं लिहिलंय. मग आम्ही माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या घरी, गेलो तर तिथे काचेआड त्याची खरी कवळी ठेवलेली, आणि तिच्यात लाकूड अजिबात नाही. लेक म्हणाली, "मग पुस्तकात खोटं का छापलं?"

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. एका चित्रात वॉशिंग्टन घोड्यावर आहे आणि त्याच्या मागे दुसऱ्या घोड्यावर एक काळा माणूस. पूर्ण पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ नाही. लेकीनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोण? याचं नाव कुठंय?" मला सांगता आलं नाही. माउंट व्हर्ननला वॉशिंग्टनच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर गुलामांचं दफनस्थान आहे, ते ती पाहून आली होती. त्यामुळे विषय तिथेच थांबला नाही. झोपेपर्यंत प्रश्न चालू होते.

शिवाजी महाराजांच्या गोष्टी मला आजीकडून आल्या. त्यातली आख्यायिका कुठली आणि कागदपत्रांतलं काय, हे मोठी होताना आपोआप उलगडत गेलं. इथल्या माणसांबद्दल माझ्याकडे लहानपणीचं काहीच नाही. मी हे सगळं लेकीबरोबर पहिल्यांदाच वाचतेय, त्यामुळे पुस्तक चुकलं तर माझ्याही लक्षात येत नाही.

नुसती नावांची यादी नकोय, ती ग्रंथालयातही मिळते. पुस्तक हातात घेतल्यावर तुम्ही काय बघता? आणि आठ वर्षांच्या मुलीला गुलामगिरीबद्दल किती सांगायचं?

---

शनिवारी बालविभागात

ताई, आधी तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. तो माणूस बहुधा विल्यम ली. वॉशिंग्टननं त्याला १७६८ मध्ये विकत घेतलं. अमेरिकेच्या क्रांतियुद्धाची सगळी वर्षं तो वॉशिंग्टनच्या बरोबर होता, शिकारीत आणि लढाईत त्याच्या मागोमाग घोडा हाकणारा. जॉन ट्रंबुलच्या १७८० च्या चित्रात वॉशिंग्टनच्या मागे फेटा बांधलेला जो माणूस दिसतो, तो लीच असं मानतात. पुढे त्याचे दोन्ही गुडघे निकामी झाले. वॉशिंग्टननं १७९९ च्या मृत्युपत्रात त्याला ताबडतोब मुक्त केलं आणि वर्षाला ३० डॉलर लावून दिले. त्याच्या बाकीच्या गुलामांची सुटका बायको मार्थाच्या मृत्यूनंतर व्हायची होती. तिनं ती १ जानेवारी १८०१ लाच केली. पण माउंट व्हर्ननवरच्या ३१७ गुलामांपैकी वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे १२३ होते. जवळजवळ निम्मे मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे, त्यांना सोडण्याचा अधिकार दोघांपैकी कुणालाच नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला एवढा हिशेब कळतो, मी सांगून पाहिलाय.

आता पुस्तकं. मी बरीच वर्षं शनिवारी आमच्या ग्रंथालयात मुलांच्या कपाटांपाशी मदत करते. चरित्राचं पुस्तक मी मागून उघडते. शेवटी लेखकानं टिपण लिहिलंय का, त्यात "हा संवाद मी कल्पनेनं रचला आहे" अशी कबुली आहे का, कुठली पत्रं-दप्तरं वाचली ते सांगितलंय का? तीन-चार ओळी असल्या तरी चालतील. पण एकही नसेल आणि आत सहा वर्षांचा जॉर्ज वडिलांशी अवतरणचिन्हांत बोलत असेल, तर मी ते पुस्तक गोष्टीचं म्हणून देते, चरित्राचं म्हणून नाही.

चेरीचं झाड आलं वीम्स नावाच्या पाद्री-पुस्तकविक्रेत्याकडून. वॉशिंग्टन गेल्यावर लगेच, १८०० मध्ये, त्यानं चरित्र छापलं, आणि ही गोष्ट तर १८०६ च्या आवृत्तीत घातली. त्याआधीचा कुठलाही पुरावा नाही.

दातांचं जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांना हेच सगळ्यात जास्त आवडतं. १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना त्याचा स्वतःचा एकच दात उरला होता. कवळ्यांत हस्तिदंत, शिसं, जनावरांचे आणि माणसांचे दात असत. माउंट व्हर्ननच्या १७८४ च्या खातेवहीत नऊ दातांसाठी 'निग्रोंना' ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते दात त्याच्याच तोंडात गेले असं सिद्ध झालेलं नाही. पण लाकडी दातांपेक्षा ही नोंद कितीतरी जास्त सांगते.

चित्रंही वाचा. २०१६ च्या जानेवारीत एका मोठ्या प्रकाशनानं वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस हसतमुखानं केक करतोय असं चित्रपुस्तक काढलं आणि टीका झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत मागे घेतलं. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशीच पळाला होता. त्या पुस्तकात खोटं वाक्य सापडणं कठीण. दिशाभूल चेहऱ्यांवरच्या हसण्यानं केली.

---

बॉस्टनकर

वरच्या ताईंचं पटलं, पण एक वेगळं सांगतो. चेरीच्या झाडाची गोष्ट मुलांपासून लपवू नका. इथल्या प्रत्येक मुलाला ती येते, तुमच्या लेकीलाही यायला हवी. फक्त गोष्टीला गोष्ट म्हणायचं. माझ्या मुलानं पॉल रिव्हिअर घेतला होता, ब्रिटिश सैन्य येतंय हे सांगायला रात्री घोड्यावरून निघालेला. कवी लाँगफेलोच्या कवितेत तो एकटाच रात्रभर दौडत काँकर्डला पोचतो. प्रत्यक्षात १८ एप्रिल १७७५ च्या रात्री विल्यम डॉझही निघाला होता, वाटेत सॅम्युअल प्रेस्कॉट मिळाला, रिव्हिअर लिंकन गावाजवळ पकडला गेला आणि काँकर्डला पोचला तो प्रेस्कॉट. आम्ही आधी कविता मोठ्यानं वाचली, मग नकाशा पसरून बोटानं तीन रस्ते काढले. मुलाला दोन्ही आवडलं. कविता त्या रात्रीनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी लिहिलेली, हे कळल्यावर तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे कवी तिथे नव्हता."

आणि चरित्रांपेक्षा पत्रं द्या. १५ ऑक्टोबर १८६० ला न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डमधल्या ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं लिंकनला लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा. त्यानं चार दिवसांत उत्तर पाठवलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत गाडी वेस्टफील्डला थांबली तेव्हा दाढीसकट तिला भेटला. दोन्ही पत्रं छोटी आहेत, मुलं स्वतः वाचू शकतात. अमुक सालचा अध्यक्ष म्हणून जो माणूस पाठ केलेला असतो, तो अशा वेळी एकदम पत्राला उत्तर देणारा माणूस होतो.

---

दोन लेकींची आई

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आमच्या मोठीनं दुसरीत रोझा पार्क्स वाचली आणि घरी येऊन सांगितलं की एक म्हातारी बाई दमली होती म्हणून बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही. रोझा पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या आणि कित्येक वर्षं मंटगमरी शहरात काळ्या लोकांच्या हक्कांसाठी संघटनेचं काम करत होत्या. १ डिसेंबर १९५५ नंतर तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिननंही बसमध्ये उठायला नकार दिला होता. मुलांना सोपं करून सांगायच्या नादात पुस्तकानं बाईंची हिंमतच काढून घेतली, याचा मला आजही राग येतो.

माझा अनुभव असा की मार, चाबूक, हे आठव्या वर्षी आवश्यक नाही. पण 'काम करणारी माणसं', 'मदतनीस' असले शब्द मी चालवून घेत नाही. गुलाम होते, पगार नव्हता, सोडून जाता येत नव्हतं, मुलं विकली जाऊ शकत होती. एवढं साध्या वाक्यांत सांगितलं की मूल बाकीचं स्वतः विचारतं.

ऑना जजवर मुलांसाठी पुस्तकं आहेत, ती शोधा. मार्थाच्या सेवेतली ही गुलाम मुलगी मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या अध्यक्षांच्या घरातून जेवणाच्या वेळी निघून गेली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलर, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. ती जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली आणि मरेपर्यंत परत गेली नाही.

---

व्हर्जिनियाची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सातही पुस्तकं जमिनीवर पसरून आम्ही मागची पानं उघडली. लेखकाचं टिपण दोघांतच निघालं. त्यातल्या एकात विल्यम लीचं नाव आहे, तळटीपेसारख्या बारीक अक्षरात. लेकीनं ते मोठ्यानं वाचलं, मग घोड्याच्या चित्राचं पुस्तक ओढून घेतलं आणि चित्राखाली पेन्सिलनं नाव लिहायला निघाली. ग्रंथालयाचं पुस्तक आहे म्हणून थांबवलं आणि चिकटचिठ्ठी दिली. तिनं त्यावर लिहून लावली. परत करताना काढायची की ठेवायची, ते बालविभागातल्या बाईंना विचारणार आहे.

मृत्युपत्राचं सांगितलं. ३० डॉलर म्हणजे किती, यावर बराच वेळ गेला. "मग आधीच का नाही सोडलं?" हा प्रश्न आला. मी म्हटलं, त्याला सोडता आलं असतं, त्यानं सोडलं नाही. ती काही बोलली नाही. आज सकाळी बघते तर तिच्या भाषणाच्या कार्डावरची चेरीच्या झाडाची ओळ खोडलेली, आणि कागदाचं दुसरं गोल बटण कापून ठेवलेलं. त्यावर लिहिलंय 'विल्यम ली'. दोन बटणं चालतील का, हे सोमवारी तिच्या टीचरना विचारते.

ऑना जजचं पुस्तक होल्डवर टाकलंय. आमच्या पुढे चार जण आहेत.