शिकवणीतल्या मुलाच्या दंडावर वळ दिसले, कुठं सांगायचं?

शिकवणीच्या_बाई: अशोक चौकाच्या बाजूला घरीच शिकवणी घेते. तिसरीतला एक मुलगा येतो, पाढे तोंडपाठ. पण सोलापूरचा एप्रिल, पारा 42 च्या पुढं, आणि हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतो. काल पाणी पिताना बाही वर सरकली. दंडावर वळ होते, वायर दुमडून मारल्यावर उठतात तसे. काही जुने, काळपट, दोन ताजे. "पडलो" म्हणाला. मागं ओठ फुटला होता तेव्हाही पडलाच होता. कुणी मोठ्यानं बोललं की हात आधी डोक्यावर जातात. वडील लूमवर रात्रपाळीला, आई विड्या वळते. आईशी बोलू का? पोलिसांत गेले तर गल्लीत बोभाटा होईल. आणि माझी खात्री नाही. चुकीचं निघालं तर गरिबाच्या घराची अब्रू जायची.

सुलभाताई_जुळे_सोलापूर: बाई, बालसंरक्षणाच्या कामात मी बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते. खात्री करणं तुमचं काम नाहीच. तुम्ही संशय कळवायचा, चौकशी करायला माणसं नेमलेली आहेत.

खेळणाऱ्या पोराचे गुडघे फुटतात, नडगीला खरचटतं, कपाळाला टेंगूळ येतं. दंडाच्या आतल्या बाजूला, पाठीवर, मांडीवर, कानामागं सहसा पडून लागत नाही. त्यात दुमडलेल्या वायरचा वळ, जुना-नवा एकत्र, आणि दरवेळी तेच उत्तर. एवढं पुरे आहे.

1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, तुमचं नाव गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं. आत्ता मारहाण चालू आहे असं कानावर आलं तर मात्र तातडीच्या मदतीचा 112. पुढं जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी जातात, गरज वाटली तर प्रकरण बाल कल्याण समितीसमोर येतं.

आईशी आत्ता बोलू नका. तिला बोललात की ते बापाच्या कानावर जाणार आणि त्या रात्रीचा मार पोराला बसणार. पोराला खोदून विचारू नका, फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा आहे. काय दिसलं, कधी दिसलं, तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका.

आणि लैंगिक प्रकाराचा नुसता संशय आला तरी, 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवणं सक्तीचं आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला संरक्षण.

विडी_घरकुल_कुंभारी: आमच्याकडं पान-तंबाखू आणायला, माल द्यायला आई बाहेर असते, पोरं एकटीच घरात. उद्या कुणी तक्रार केली तर आमची पोरं उचलून नेणार का?

सुलभाताई_जुळे_सोलापूर: नाही हो दादा, आणि हे तुम्ही विचारलंत ते बरं झालं. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. भाजी नसताना चटणी-भाकरी खाऊ घालणारी आई आपल्या पोराकडं बघतेच आहे. घरात अन्न असून उपाशी ठेवणं, ताप चढलेला असताना दवाखान्यात न नेणं, शाळा सोडवून कामाला जुंपणं, ही हेळसांड. 2015 च्या बाल न्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. एकट्या आईला बालसंगोपन योजनेतून महिना 2250 रुपये मिळवून दिल्यावर पोरगं पुन्हा शाळेत बसलेलं मी पाहिलंय. पण वायरचे वळ गरिबीनं उठत नाहीत. बंगल्यातल्या पोरांच्या पाठीवरही पाहिलेत मी.

शिकवणीच्या_बाई: दुपारी 1098 ला लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलाचा पत्ता, शाळा, घरात कोण-कोण, सगळं विचारलं. आता त्याची शिकवणी बंद करू का? बापाला माझाच संशय यायचा.

सुलभाताई_जुळे_सोलापूर: अजिबात बंद करू नका. घराबाहेर त्याला नीट बघणारं माणूस तुम्हीच आहात. नेहमीसारखंच वागा, जास्त लाडही नको. फोन केल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत हालचाल दिसली नाही तर परत लावा, नाहीतर बाल कल्याण समितीकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत कुणी हवं असेल तर मी येते.