अनुभव धागा : राजकारण तुमच्या फोनमध्ये कुठल्या दाराने शिरलं?

मतं सगळ्यांकडेच आहेत, ती इथे नकोत. पक्षाचं नाव न घेता एवढंच लिहा, की ऑनलाइन वावरताना राजकारण तुम्हाला कुठे भेटलं आणि पुढे काय झालं. ऐकीव किस्से टाळा. मी बातम्यांची सगळी अ‍ॅप काढून टाकली, तर ते बुद्धिबळाच्या एका चॅनेलवर भेटलं, तेही ऐन डावाच्या मध्यात.

पडद्यामागची

मी एका प्रचारात मजकूर लिहायचे. घोषणा, पोस्टर वगैरे दुसऱ्यांकडे. माझ्याकडे होतं विनोदांचं एक पेज. निवडणुकीच्या बरंच आधी कुणाकडून तरी घेतलेलं. त्यावर नवरा-बायकोचे विनोद, प्राण्यांचे व्हिडिओ, सकाळचे सुविचार. राजकारणाचं नावही नाही. लोक जमले की मग दहा विनोदांमागे एक टोमणा, समोरच्या नेत्याच्या बोलण्याच्या लकबीवर. मतदान जवळ आलं तसं प्रमाण वाढवत नेलं.

आमच्या उमेदवाराच्या स्वतःच्या पेजवरची भाषणं कोणी बघायचं नाही. आमचं माकड मात्र धो-धो शेअर व्हायचं, आणि माकडाखालचं वाक्य मी लिहिलेलं असायचं. तो प्रचार आहे असं वाटलंच नाही म्हणून तर लोकांनी तो पुढे ढकलला. फेसबुकवर पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ असं असतं, तिथे पेज कधी बनलं आणि आधीची नावं कोणती होती ते दिसतं. आमच्या पेजची जुनी नावं तिथे उघड होती. एकानेही कधी विचारलं नाही. निकालानंतर पुन्हा नाव बदललं. आता तिथे घरगुती उपाय असतात.

मूकवाचक

ते माकड बहुधा आमच्याकडेही येऊन गेलं!

कुटुंबाच्या ग्रुपची अ‍ॅडमिन मी. काका आणि भाचा एकमेकांशी बोलेनासे झाले तेव्हा नियम केला, की ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ असा दुहेरी बाणाचा शिक्का असेल ते इथे टाकायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2020 पासून असे मेसेज एका वेळी एकाच चॅटवर पाठवायची मर्यादा घातली आहे, त्यामुळे नियमाला जरा वजन आलं. काकांनी त्यावर लगेच तोड काढली. मजकूर कॉपी करून स्वतः लिहिल्यासारखा पेस्ट करायचा, शिक्का आपोआप गायब. मजकुरात ‘मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं’ असं होतं, म्हणून मावशीने विचारलं, ‘भाऊजी, तुम्ही तिथे कधी गेला होतात?’ त्यानंतर महिनाभर ग्रुपवर फक्त वाढदिवस. काका-भाचा अजून बोलत नाहीत, ते वेगळं.

रात्रपाळी

माझा रूममेट नेपाळचा. 4 सप्टेंबर 2025 ला तिथल्या सरकारने फेसबुक, यूट्यूबसकट 26 प्लॅटफॉर्म बंद करायचा आदेश काढला. 8 तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, त्या एका दिवसात 19 जण गेले. रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. बातम्यांत तुम्ही हे वाचलंच असेल.

मी पाहिलं ते त्यानंतरचं. हा पोरगा हेडफोन लावून डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर बसलेला. एरवी आम्ही तिथे गेम खेळताना एकमेकांना शिव्या घालतो. तो होता त्या सर्व्हरवर, म्हणजे तिथल्या ग्रुपवर, एक लाखाहून जास्त माणसं, आणि चर्चा चाललेली की हंगामी पंतप्रधान कोण हवं. मध्येच कुणी माइक बंद करायला विसरायचं, कुणी मीम टाकायचं, कुणी घटनेतलं कलम वाचून दाखवायचं. मतचाचणीत माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं आणि 12 तारखेला त्यांचा शपथविधी झाला. खऱ्या वाटाघाटी अर्थात लष्कर आणि राष्ट्रपतींकडे झाल्या. डिस्कॉर्डने पंतप्रधान निवडला म्हणणं जरा जास्तच. पण मी त्याला विचारलं, ‘यात परदेशातले किती, नुसते बघे किती, कसं कळणार?’ तर म्हणाला, ‘नाही कळणार.’ आणि परत हेडफोन लावले.

उपशीर्षक

व्हिडिओंना उपशीर्षकं देणं हे माझं काम, त्यामुळे बनावट आवाज कानाला लागतात. निदान लागायचे. स्लोव्हाकियात 2023 च्या निवडणुकीआधी दोन दिवस एका पक्षनेत्याच्या आवाजातली बनावट ध्वनिफीत फिरली, मतं विकत घेऊन निकाल फिरवण्याच्या गप्पांची. तेव्हा प्रचारबंदी सुरू झालेली, म्हणजे जाहीर खुलासा करायलाही अडचण. मी ती ऐकली आहे. भाषा येत नसल्याने खरं-खोटं सांगू शकत नाही, पण मागचा गोंगाट शंका यावी इतका नीटनेटका वाटला. आता असं काम आलं की मी आधी मागचा आवाज ऐकते, माणूस नंतर.

कंदील

सगळे वाईटच लिहिताय म्हणून. रस्त्यावरचा दिवा बंद होता, अर्जाला उत्तर नाही. फोटो काढून लोकप्रतिनिधींना टॅग केलं, दोन दिवसांत दिवा लागला. मग त्यांच्या पेजवर फोटो आला. त्यात ते, चार कार्यकर्ते, आणि कोपऱ्यात अर्धा कापलेला खांब. खाली माझा अकाउंट टॅग आणि ‘जनतेचे आभार’. तेव्हापासून मी त्यांचा समर्थक आहे असं समजून अनोळखी लोक इनबॉक्समध्ये भांडायला येतात. गल्लीच्या दुसऱ्या टोकाचाही दिवा गेलाय, पण आता टॅग शेजाऱ्याने करायचा असं ठरलंय.