समुद्राच्या पोटातील उष्णता मोजतात कशी?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पृथ्वीवर साठणाऱ्या वाढीव उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता समुद्र शोषून घेतो, असे मी सांगितल्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, "एवढ्या समुद्रात थर्मामीटर बुडवतात कुठे?" उपग्रह पाण्याचे तापमान मोजतात, एवढेच मला सांगता आले. कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

उत्तर (आर्वी, वर्धा)
गुरुजी, उपग्रहाला पाण्याचा अगदी वरचा पातळ थर तेवढा कळतो. मे महिन्यात विहिरीत पोहणाऱ्या मुलांना छातीशी पाणी कोमट आणि पायाशी गार लागते, तसेच समुद्राचे आहे. म्हणून अर्गो या आंतरराष्ट्रीय समुद्रमापन प्रकल्पाचे सुमारे ४,००० फ्लोट, म्हणजे आपोआप वर-खाली होणारी तरंगती यंत्रे, जगभरच्या समुद्रांत सोडलेली आहेत. प्रत्येक फ्लोट १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतो, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान, क्षारता व दाब नोंदवून ती माहिती उपग्रहाकडे पाठवतो. त्याला पंखा नसतो. बाहेरच्या रबरी पिशवीत तेल ढकलले की आकारमान वाढून तो वर येतो, तेल आत घेतले की बुडतो. प्रत्येक थराचे वस्तुमान, विशिष्ट उष्मा (एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि नेहमीच्या सरासरीपासून तापमानात पडलेला फरक यांचा गुणाकार करून सर्व थरांची बेरीज केली की साठलेली उष्णता ज्यूलमध्ये मिळते. भारतीय फ्लोटची माहिती समुद्राविषयी माहिती देणारी हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था सांभाळते.

उत्तर (साकोली, भंडारा)
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. जुन्या काळी जहाजावरून तारेने जोडलेले एक्सबीटी हे खाली पडता पडता तापमान नोंदवणारे उपकरण पाण्यात सोडत. त्यात दाबमापक नसल्याने खोली पडण्याच्या वेळेवरून काढत, आणि तिथेच चूक शिरे. २००६ मध्ये समुद्राचा वरचा थर थंड होत असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, परंतु काही फ्लोटच्या सदोष नोंदी आणि एक्सबीटीतील चूक उघड झाल्यावर संशोधकांनी स्वतःच तो पुढच्या वर्षी दुरुस्त केला. मुलांना हे अवश्य सांगावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शाळेजवळच्या विहिरीत दोरीने थर्मामीटर सोडून मोजण्याचा विचार आहे.

उत्तर (आर्वी, वर्धा)
गुरुजी, वर ओढताना पारा बदलेल. दगड बांधलेली बाटली बूच लावून सोडावी, हव्या त्या खोलीवर दुसऱ्या दोरीने बूच ओढावे, पाणी भरू द्यावे आणि वर येताच लगेच तापमान घ्यावे. दोरीवर दर मीटरला गाठ मारावी व मुलांना काठापासून दूर ठेवावे.