मदत हवी आहे: चुंबकीय क्षेत्र चालू केलं की लँगम्यूर प्रोबचा आलेख बिघडतो
नमस्कार मंडळी. आमच्याकडे प्लाझ्माचं (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूचं) एक छोटं सरळ यंत्र आहे: स्टीलची नळी, बाहेरून तांब्याच्या कॉइल, आत तापलेल्या टंगस्टन तारेवर पेटणारा अरगॉन. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या लार्ज प्लाझ्मा डिव्हाइस या यंत्रातला प्लाझ्मा तब्बल १८ मीटर लांब. आमचं अख्खं यंत्र टेबलावर मावतं. भौतिकशास्त्र मात्र तेच, म्हणून विचारतेय.

घनता आणि तापमान मोजायला आम्ही लँगम्यूर प्रोब वापरतो: प्लाझ्मात खुपसलेलं धातूचं बारीक टोक, त्याला व्होल्टेज देऊन प्रवाहाचा आलेख काढायचा. कॉइल बंद असताना हा आलेख देखणा येतो. ५०० गॉसचं चुंबकीय क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनचा संपृक्त प्रवाह (व्होल्टेज वाढवूनही फारसा न वाढणारा) कोसळतो, आयनांच्या संपृक्त प्रवाहाच्या जेमतेम १५ पट उरतो. अरगॉनमध्ये क्षेत्राविना तो १७०-१८० पट असायला हवा. वर आलेखाचा गुडघाच (चढ संपून आलेख सपाट होतो ते वळण) गायब!

थोडं कारण कळतं. ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या क्षेत्ररेषेभोवतीच्या गिरकीची त्रिज्या ०.१ मिमीच्या आसपास, आयनांची काही मिमी. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांना बांधलेले, त्यामुळे प्रोब समोरची रेष उपसून टाकते आणि बाजूने नवे पुरेसे येत नाहीत.

पण व्होल्टेज चढवताना एक आलेख, उतरवताना दुसरा, हे काय? टोकावर मळ बसला असावा. धन व्होल्टेज देऊन टोक लालबुंद होईपर्यंत तापवलं, तर दहा मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा तेच रडगाणं.

घनता फक्त आयनांच्या बाजूने काढली तर चालेल का? आणि तापमानासाठी उताराचा नेमका कोणता भाग घ्यावा? सर म्हणतात, एमिसिव्ह प्रोब (तापलेल्या तारेची, स्वतः इलेक्ट्रॉन सोडणारी प्रोब) बनव. माझ्या तीन तारा वळवतानाच तुटल्या. कुणाचा हात बसला असेल तर युक्ती सांगा.