स्टॉर्मची फिगर जळगाव-भुसावळात कुठेच का मिळत नाही?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाचवीत आहे. एक्स-मेन या सुपरहिरोंमधली स्टॉर्म तिची फार लाडकी. वीज पाडते, वारा उठवते, पांढरे केस. मार्वल लेजेंड्स या खेळण्यांच्या मालिकेतली स्टॉर्मची सहा इंची फिगर, म्हणजे हातपाय हलणारी बाहुली, घ्यायची म्हणून तिने दिवाळीपासून ओवाळणीचे पैसे जमवलेत. मामाचे, काकाचे, आजोबांचे मिळून दोन हजार चारशे झाले.

बागेच्या कामानं मला जळगावला जावं लागतं. गोलाणी मार्केट पाहिलं, फुले मार्केट पाहिलं, येताना भुसावळात उतरून तिथली दोन दुकानं पाहिली. सगळीकडे एक्स-मेनमधलाच तो वुल्व्हरिन. एका दुकानात एकाच हुकवर सात मोजले, वरच्या खोक्यावर बोट फिरवलं तर धूळ. स्टॉर्म विचारली की उत्तर एकच, "साहेब, ती येतच नाही." नेटवर एक जण सात हजाराला विकतोय.

मुक्ताईनगरच्या यात्रेत दीडशेला एक मिळाली होती. पोरीनं हातात घेतली आणि म्हणाली, "पप्पा, हिचे केस पिवळे आहेत." परत पिशवीत ठेवली ती आजपर्यंत बाहेर काढलेली नाही.

कंपनी बनवते तर दुकानात येत का नाही? मुद्दाम कमी सोडतात का? आणि सात हजार द्यावेत का? माहितगारांनी सांगावं.

गल्ल्यावरून_भुसावळ

भाऊ, मी भुसावळात खेळण्यांचं दुकान चालवतो. वडिलांनी सुरू केलं, बावीस वर्षं झाली मी गल्ल्यावर बसतोय. "ती येतच नाही" असं ज्यानं सांगितलं तो खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. ती येते. पेटीत एक येते.

सगळं त्या पेटीत अडकलंय. या फिगर दुकानदाराला सुट्या मागवता येत नाहीत. खाकी पुठ्ठ्याची सीलबंद पेटी येते, बहुतेक आठ नगांची. आत कोण किती ते कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं. मागच्या खेपेची पेटी फोडली तेव्हा माझ्या मुलानं फोटो काढला होता, तो समोर ठेवून लिहितोय. चार-चारच्या दोन ओळी, पाठीला पाठ. वुल्व्हरिन दोन, बाकीचे सहा वेगवेगळे, त्यात स्टॉर्म एक, कोपऱ्यात. आता मला चार गिऱ्हाइकांसाठी चार स्टॉर्म हव्या असतील तर चार पेट्या उचलायच्या, म्हणजे बत्तीस नग. उरलेले अठ्ठावीस कुणाला विकू? त्यातले आठ नुसते वुल्व्हरिन.

तुम्ही जे सात मोजलेत ते असे साठतात. वुल्व्हरिन वाईट नाही, लोकांना आवडतो, म्हणून तर कंपनी दोन-दोन टाकते. पण ज्याला हवा त्याच्याकडे तो आधीच असतो. मग तो हुकवर राहतो. एक खोकं जवळपास अडीच हजाराचं, सात लटकले की दुकानदाराचे पंधरा-सतरा हजार भिंतीवर लटकले. आपल्याकडे असला महागाचा माल चालतो तो दिवाळीला आणि नंतर कापसाचा पैसा हातात आला की. मधले महिने बॅट, बॉल आणि वाढदिवसाचे फुगे. असा पैसा अडकलेला दुकानदार पुढची पेटी घेत नाही. आणि नवी स्टॉर्म त्या पुढच्या पेटीत असते. म्हणजे तिची वाट अडवली कुणी, तर हुकवरच्या वुल्व्हरिननं. वर्षाला मी तीन पेट्या घेतो, म्हणजे आख्ख्या वर्षात तीन स्टॉर्म.

दुसरी गोष्ट वाटेतली. माल न्हावा-शेवाला उतरतो, भिवंडीच्या गोदामात जातो, तिथून नाशिकचा डिस्ट्रिब्युटर, मग आम्ही. खान्देश या साखळीच्या शेपटाला आहे. मुंबई-पुण्यात फिगर जमवणाऱ्यांचे ग्रुप आहेत, पेटी कुठल्या दुकानात कधी फुटणार ते त्यांना आदल्या रात्री कळतं. मनापासून जमवणारे आहेत त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यात असेही आहेत की स्टॉर्म तेवढी उचलायची आणि तिप्पट भावानं नेटवर टाकायची. माझ्याकडे एकदा पेटी आली, टेप नवीकोरी. तिच्या कडेला मात्र पुठ्ठ्याची साल निघून आतला पांढुरका थर दिसत होता, म्हणजे आधीची टेप ओढून काढलेली. आठ नग बरोबर होते. वुल्व्हरिन तीन निघाले. स्टॉर्म नव्हती. मी पुरवठादाराला फोन केला, तो म्हणाला नग मोजा, नग पूर्ण आहेत ना? मी त्या दिवशी एका मुलाला "उद्या ये, तुझी फिगर येतेय" असं सांगून बसलो होतो. तो शाळा सुटल्यावर दप्तर घेऊनच आला. ते अजून मनातून जात नाही.

मुद्दाम कमी बनवतात का, हे विचारलंत. काही खेळण्यांत मुद्दाम कमी असतंच. हॉट व्हील्समध्ये १९९५ पासून ट्रेझर हंट गाड्या आहेत, त्या शोधाव्या लागाव्यात म्हणूनच थोड्या टाकतात. फिगरचं तसं नाही. प्रत्येक नव्या फिगरला पोलादी साचा लागतो आणि साचा फार महाग. म्हणून कंपनी तेच धड, त्याच मांड्या चार पात्रांना वापरते आणि डोकं, केस, कपडे नवे करते. मग कोण किती खपेल याचा अंदाज माल बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी बांधायचा. अंदाज चुकला तरी पेट्या भरून जहाजावर चढलेल्या असतात.

चुकतातही किती मोठे लोक! स्टार वॉर्स सिनेमा मे १९७७ मध्ये आला आणि त्याची खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीकडे फिगर तयारच नव्हत्या. नाताळाला त्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत खेळणं नाही, एक कूपन. ते भरून पाठवलं की पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू या चार फिगर टपालानं घरी. अमेरिकेतल्या पोरांनी नाताळाला रिकामं पाकीट उघडलंय, भाऊ.

आपल्या देशात याच्यावर आणखी दोन गाठी आहेत. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. बाहेरच्या कारखान्यालाही भारताचा परवाना काढावा लागतो. दुसऱ्या नियमाच्या मी बाजूनं आहे. यात्रेतल्या त्या दीडशेच्या फिगरला नाक लावून पाहा, रंगाचा वास डोक्यात जातो. पण याचा परिणाम असा की आयात करणारा थोडाच माल आणतो आणि हमखास खपणारा आणतो. पुन्हा वुल्व्हरिनच.

मी लहान होतो तेव्हा वडिलांच्या दुकानात जी. आय. जो नावाचे खेळण्यातले सैनिक टांगलेले असायचे, ते फनस्कूलनं इथेच, भारतात बनवलेले. टायरवाली एमआरएफ आणि मार्वल लेजेंड्स बनवणारी हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये ती कंपनी काढली होती. काही सैनिकांचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे असायचे आणि आज परदेशातले लोक तेच शोधत फिरतात. तेव्हा एखादा संपला तर वडील पोस्टकार्ड टाकायचे आणि महिन्याभरात माल यायचा. कारखाना देशात असला की हा फरक पडतो.

सात हजार देऊ नका. रीतसर आयात झालेल्या प्रत्येक खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी यांचं स्टिकर असतं. दुकानदाराला त्याच्यावर एक रुपया जास्त घेता येत नाही. स्टिकर खरवडलेलं दिसलं तर खोकं हातातही घेऊ नका. आणि नुसतं "आहे का?" विचारून निघून जाऊ नका. नाव लिहून द्या. माझ्याकडे वही आहे, पेटी फुटली की आधी वही उघडतो.

पांझराकाठ_धुळे

रावेरवाले भाऊ, मनी बी तीच गत शे.

दुकानदार दादांनी पेटीचं सांगितलं, त्यात एक राहिलं. या मालिकेत पुष्कळदा प्रत्येक खोक्यात एका मोठ्या फिगरचा एकेक अवयव असतो. एकात हात, एकात पाय, एकात डोकं. सगळी खोकी घेतली तर मोठा पुतळा उभा राहतो. त्यामुळे स्टॉर्म न आवडणारा माणूससुद्धा स्टॉर्म घेतो, कारण त्याला तिच्या खोक्यातला पाय हवा असतो. जी पेटीत एकच आहे तिच्यावर असे दोन्ही बाजूंनी हात पडतात. माझ्या घरी एक मोठा पुतळा तीन वर्षं डाव्या पायाशिवाय कपाटात आडवा होता. शेवटी साक्री-नवापूर मार्गे एसटीनं सुरतला गेलो तेव्हा तिथल्या एका लहान दुकानात ते खोकं मिळालं, छापील किमतीत. मोठ्या शहरातली लहान दुकानं पाहत जा. ग्रुपवाले तिथवर पोचलेले नसतात.

आणखी एक मनातलं सांगतो. काही वर्षं मीही दोन-दोन उचलायचो, एक ठेवायला, एक विकायला. एसटीचं भाडं निघायचं. एकदा विकलेलं खोकं द्यायला चाळीसगावला गेलो. घेणाऱ्याच्या शेजारी त्याचा मुलगा उभा होता आणि बाप शंभराच्या नोटा दोनदा मोजत होता. त्यानंतर दुसरं खोकं उचललं नाही.

उषा_नंदुरबार

भुसावळच्या दादांचं सगळं पटलं, पण "कंपनीचा अंदाज चुकतो" इथे मी थांबले. अंदाज नेहमी एकाच बाजूला कसा चुकतो? पेटीत दोन असतो तो पुरुष आणि एक असते ती बाई, हे मी माझ्या भाचीसाठी शोधताना किती वेळा पाहिलं. खेळणी बनवणाऱ्यांत जुनी समजूत आहे की मुलं बाईची फिगर घेत नाहीत, ती हुकवर राहते. म्हणून कमी टाकायच्या. कमी टाकल्या की कमी खपणार. मग म्हणायचं, पाहा, खपत नाहीत.

२०१५ च्या डिसेंबरात नवा स्टार वॉर्स आला, त्याची नायिका रे. हॅस्ब्रोच्या त्या वेळच्या स्टार वॉर्स मोनोपॉली या पटावरच्या खेळात ल्यूक, डार्थ व्हेडर, फिन आणि कायलो रेन होते, रे नव्हती. ज्या पात्राभोवती सिनेमा फिरतो तेच पटावर नाही! कंपनी म्हणाली, कथेतलं गुपित फुटू नये म्हणून. मग आठ वर्षांच्या एका मुलीनं पत्र लिहिलं, त्याची जगभर चर्चा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं रे घालू असं जाहीर केलं. एका पोरीच्या पत्रानं. तेव्हा रावेरच्या भाऊंनी कंपनीच्या ग्राहकसेवेला लिहावंच. मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, पण मुलीच्या हातनं लिहा.

गल्ल्यावरून_भुसावळ

उषाताई, बरोबर बोललात, मी कबूल करतो. माझ्या वहीत मागे जाऊन पाहिलं. न मिळालेल्या फिगरसाठी नाव लिहून गेलेल्यांत मुली आणि त्यांचे आईवडील बरेच आहेत. पण ती वही माझ्या गल्ल्यात. डिस्ट्रिब्युटरचा माणूस येतो तेव्हा तो काय विकलं गेलं ते विचारतो. काय मागून लोक रिकाम्या हातानं गेले ते आजवर त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. या खेपेला वहीचं पानच त्याच्या हातात देतो.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे आभार. सात हजारवाल्याला नाही कळवलं. त्यानं पाठवलेल्या फोटोत स्टिकरच्या जागी नुसता चिकट डाग होता, तुम्ही सांगितलं नसतं तर माझं लक्षही गेलं नसतं.

रविवारी मुलीला घेऊन भुसावळला येऊन गेलो, दुकानदार दादांना भेटलो. वहीत नाव तिनं स्वतः लिहिलं आणि पुढे कंसात "पांढरे केस" असं लिहिलं, म्हणजे दुसरी कुणी येणार नाही. पत्राचा मजकूर चालू आहे, दोन कागद फाडून झाले. पैसे डब्यात तसेच आहेत. भाऊबीजेपर्यंत वाट पाहायची तिची तयारी आहे, मला मात्र रोज विचारते की पेटी निघाली का.

गल्ल्यावरून_भुसावळ

नाशिकहून गाडीत चढली की कळवतो. तिला घेऊनच या, टेप तुमच्या दोघांसमोर कापू.